आइस हॉकीत कुणाचा नेम खरा? आकड्यांवरून ओळखण्याची वाट, कोल्हापूरच्या नवख्यांसाठी

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या नावापुढं ४५१.४ गुण होते. या आकड्यावर वाद घालायला जागा नाही. लक्ष्य सगळ्यांना ५० मीटरवरच, आणि प्रत्येक गोळीचा हिशेब दशांशापर्यंत. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांची नावं ज्या गावात घरोघरी माहीत आहेत, त्या गावाला नेम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आइस हॉकीतही प्रश्न नेमाचाच असतो, पण तिथं लक्ष्य स्थिर नसतं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, मारणारा कधी १० फुटांवर असतो, कधी ६०. समोर गोलरक्षक, मध्ये दोन-तीन पाय आणि काठ्या, आणि मारणारा स्वतः बर्फावरून वेगानं घसरत असतो. त्यामुळं ज्याचे गोल जास्त त्याचा नेम चांगला, हे वाटतं तेवढं सरळ नाही. गोलांच्या आकड्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: किती वेळा मारलं, कुठून मारलं आणि कसं मारलं. शेवटची गोष्ट म्हणजे खरा नेम. ती पहिल्या दोनांपासून वेगळी काढायची आहे, आणि ती सगळ्यांत उशिरा हाती लागते.

शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकणारी मुलं आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फुटबॉल बघत वाढलेली, खेळाच्या आकडेवारीत काम करू पाहणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहितोय. बर्फावरचाच खेळ का? उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगची, म्हणजे एनएचएलची, शॉटनिहाय आकडेवारी फुकट मिळते आणि ती भरपूर आहे. ३२ संघ, २०२५-२६ पर्यंत प्रत्येकी ८२ सामने, म्हणजे मोसमात १,३१२ साखळी सामने आणि सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण ६० शॉट. फुटबॉलमध्ये एवढा माल कुठल्याच लीगमध्ये मिळत नाही. हात बसवायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप. मोबाईलवर वाचता येईल, हिशेब जमणार नाही.
- एक्सेल किंवा फुकट मिळणारं लिब्रे ऑफिस कॅल्क. पायथन किंवा आर येत असेल तर उत्तमच.
- एनएचएलच्या अधिकृत संकेतस्थळावरचे खेळाडूंचे तक्ते.
- मनीपक या संकेतस्थळावरची मोसमवार शॉटची फाईल. २००७-०८ पासूनच्या फायली उतरवून घेता येतात. वापरलीत तर त्यांचं श्रेय द्यायला विसरू नका.
- झटपट तुलनेसाठी नॅचरल स्टॅट ट्रिक हे संकेतस्थळ.
- बारावीपर्यंतचं गणित: सरासरी, प्रमाण विचलन, द्विपद वितरण. एवढं पक्कं असलं की पुरतं.

१. आधी खेळ बघा

हे टाळून थेट तक्त्यांकडे वळणारे पुढं हमखास अडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे ऑक्टोबरात पहाटे साडेचारला आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागं गेली की साडेपाचला लागतो. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्यांना ही वेळ जड नाही.

प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. गोल ६ फूट रुंद आणि फक्त ४ फूट उंच. शिक्षा झालेला खेळाडू बाहेर बसला की समोरच्या संघाला माणूस जास्त मिळतो, त्याला पॉवर प्ले म्हणतात. सामना हातातून निसटताना हरणारा संघ गोलरक्षक काढून सहावा खेळाडू आणतो आणि गोल रिकामा पडतो. या शेवटच्या दोन गोष्टी आकड्यांत मोठा घोळ घालतात, म्हणून आत्ताच लक्षात ठेवा.

२. शॉट कशाला म्हणतात ते पक्कं करा

अधिकृत तक्त्यातला शॉट म्हणजे असा फटका, जो गोलरक्षकानं अडवला नसता तर आत गेला असता, किंवा जो आत गेलाच. खांबाला लागून परत आलेला पक शॉटमध्ये धरत नाहीत. बाहेर गेलेला नाही आणि बचावपटूच्या अंगावर आदळलेला तर नाहीच.

इथं पहिला सापळा आहे. शूटिंग टक्केवारी म्हणजे गोल भागिले शॉट. म्हणजे जो वारंवार गोलच चुकवतो, त्याच्या चुका या भागाकारात येतच नाहीत. नेम मोजायला निघालो आणि हुकलेले फटकेच सोडून दिले, असं होतं. म्हणून भाजक म्हणून हुकलेले धरून, पण बचावपटूंनी मध्येच अडवलेले सोडून, सगळे प्रयत्न घ्या. या मोजणीला फेनविक म्हणतात. अडवलेलेही धरले तर ती कोर्सी. बफेलो सेबर्सचे तेव्हाचे गोलरक्षक प्रशिक्षक जिम कोर्सी यांच्यावरून ते नाव पडलं.

अडवलेले का सोडायचे? त्यांची नोंद फटका जिथं अडला तिथली होते, जिथून मारला तिथली नाही. अंतर काढायला ती नोंद कामाची नाही.

३. एका मोसमाची टक्केवारी किती हलते ते स्वतः काढून बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची. इथं घाई करू नका. हिशेब सोपा राहावा म्हणून इथं आणि पुढच्या पायरीत अधिकृत शॉटचेच आकडे घेतलेत.

समजा एका खेळाडूचा खरा नेम १० टक्के आहे, म्हणजे दर शंभर शॉटला दहा गोल, आणि त्यानं मोसमात २०० शॉट मारले. अपेक्षित गोल २०. प्रमाण विचलन काढा: २०० × ०.१० × ०.९० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.२. दोन्ही बाजूंना दोन विचलनं धरली तर १२ पासून २८ पर्यंत कुठलाही आकडा येऊ शकतो. नेम तोच, माणूस तोच, काठीही तीच. तरी १२ गोल केले तर लोक म्हणणार संपला, आणि २८ केले तर म्हणणार तारा उगवला.

आता खरं उदाहरण. वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओवेच्किननं २००७-०८ मध्ये ४४६ शॉटवर ६५ गोल केले, म्हणजे १४.६ टक्के. पुढच्या मोसमात ५२८ शॉटवर ५६, म्हणजे १०.६ टक्के. चार टक्क्यांची घसरण! नेम बिघडला का? त्याची कारकिर्दीची टक्केवारी सुमारे १३ आहे, ती धरून ताडून बघा. पहिल्या मोसमात अपेक्षित ५८, विचलन ७.१, प्रत्यक्षात ६५. दुसऱ्यात अपेक्षित ६९, विचलन ७.७, प्रत्यक्षात ५६. दोन्ही आकडे दोन विचलनांच्या आतच आहेत. त्याचा नेम बदलला असं म्हणायला या आकड्यांत पुरावा नाही. आणि ५६ गोलांनिशीही त्या मोसमात लीगमध्ये पहिला तोच होता.

हा हिशेब आणखी चार-पाच खेळाडूंसाठी हातानं करा. वहीवर केलात तर जास्त मुरेल. एकदा हे अंगवळणी पडलं की मोसमाच्या मध्यात कुणाची टक्केवारी २० झाली म्हणून तुम्ही हुरळणार नाही.

आणखी एक सापळा काळाचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गोलरक्षक शंभरातले साधारण ८७-८८ शॉट अडवायचे, आता ९० च्या आसपास अडवतात. वेन ग्रेट्झकीचे ५,०८८ शॉटवर ८९४ गोल, म्हणजे १७.६ टक्के. क्रेग सिम्पसनची २३.७ टक्के ही कारकिर्दीची टक्केवारी विक्रम मानतात. हे आकडे आजच्या खेळाडूशेजारी तसेच ठेवू नका. त्या त्या मोसमाच्या लीग सरासरीशी तुलना करा. शॉटची अधिकृत मोजणी १९५९-६० पासूनची आहे, म्हणून मोरिस रिशारसारख्या जुन्या खेळाडूंची जवळपास सगळी कारकीर्द या हिशेबाबाहेर राहते.

४. टक्केवारी सरासरीकडे ओढून घ्या

थोड्या शॉटवरची टक्केवारी जशीच्या तशी घ्यायची नाही, तर टाकूनही द्यायची नाही. प्रत्येक खेळाडूच्या खात्यात सरासरी नेमाचे काही काल्पनिक शॉट मिसळायचे. मी त्यांना भर-शॉट म्हणतो. सूत्र असं: गोल अधिक भर-शॉटवरचे सरासरी गोल, भागिले शॉट अधिक भर-शॉट.

भर-शॉट किती घ्यायचे? लीगमधल्या फॉरवर्डच्या टक्केवाऱ्यांचं विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, काढा. त्यातून निव्वळ नशिबानं येणारं द्विपद विचरण वजा करा. उरलं ते खऱ्या कौशल्यातल्या फरकाचं. त्याचं वर्गमूळ २ टक्के आलं असं धरा. मग ०.१० × ०.९० भागिले ०.०२ चा वर्ग, म्हणजे २२५ भर-शॉट. तुमच्या मोसमांसाठी आकडा वेगळा येईल, तो स्वतः काढा.

आता विल्यम कार्लसन बघा. २०१६-१७ मध्ये कोलंबसकडून त्याचे ६ गोल होते. पुढच्या मोसमात नव्यानं आलेल्या वेगास गोल्डन नाइट्सनं त्याला घेतलं आणि त्यानं १८४ शॉटवर ४३ गोल केले, २३.४ टक्के! संघ पदार्पणातच स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत पोचला. आपल्या सूत्रात घाला: ४३ अधिक २२.५, भागिले १८४ अधिक २२५. उत्तर १६ टक्के. म्हणजे माणूस सरासरीपेक्षा नक्की वरचा, पण २३ टक्क्यांचा नाही. पुढच्या मोसमात त्याचे २४ गोल झाले आणि टक्केवारी १४ च्या आसपास आली. मधल्या उन्हाळ्यात संघानं त्याच्याशी एकाच वर्षाचा, ५२.५ लाख डॉलरचा करार केला होता. आठ वर्षांचा करार २०१९ मध्ये झाला. आकडे बघणाऱ्यानं असंच थांबायला शिकावं असं मला वाटतं.

बचावपटूंना वेगळी सरासरी लावा. ते बहुतेकदा निळ्या रेषेजवळून, लांबून मारतात, त्यांची टक्केवारी फॉरवर्डच्या जवळपास निम्मी असते. सगळ्यांना एकाच सरासरीकडे ओढलंत तर बचावपटू उगाच नेमबाज ठरतील.

५. कुठून मारलं ते हिशेबात घ्या

अपेक्षित गोल, म्हणजे एक्सजी, याच कामासाठी आहे. प्रत्येक फटक्याला त्या जागेवरून, तशा प्रकारे मारल्यावर सरासरी खेळाडूचा गोल होण्याची शक्यता लावायची आणि मोसमभराच्या शक्यतांची बेरीज करायची.

अंतर आणि कोन स्वतः काढता येतात. रिंकचा मध्य शून्य धरला की गोलरेषा ८९ फुटांवर येते. फेसऑफचा ठिपका, म्हणजे जिथं पक टाकून खेळ पुन्हा सुरू करतात ती जागा, गोलरेषेपासून २० फूट अलीकडे आणि दोन्ही गोलांना जोडणाऱ्या मधल्या रेषेपासून २२ फूट बाजूला असतो. तिथून गोल किती लांब? ४०० अधिक ४८४ चं वर्गमूळ, म्हणजे जवळपास ३० फूट, आणि कोन ४८ अंशांच्या आसपास. ओवेच्किननं पॉवर प्लेवर उभी हयात याच पट्ट्यात, डाव्या वर्तुळाजवळ उभं राहून गोल केले. एरवी ती जागा फार सोपी नाही. अंतर वाढलं की शक्यता झपाट्यानं उतरते, कोन वाढला की उतरते. रिबाउंडवर, म्हणजे अडून परत आलेल्या पकवर, वाढते, कारण गोलरक्षक सावरलेला नसतो. रिस्ट शॉट (मनगटाचा), स्लॅप शॉट (काठी उचलून हाणलेला), बॅकहँड (काठीच्या उलट्या बाजूनं), टिप (दुसऱ्याच्या फटक्याला काठी लावून) यांची शक्यताही वेगवेगळी.

मग गोल वजा एक्सजी. समजा दोघांचेही ३० गोल आहेत, पण एकाचा एक्सजी ३१ आणि दुसऱ्याचा २२. पहिला मोक्याच्या जागी पोचण्यात वाकबगार आहे, दुसरा फटक्यात वरचढ असू शकतो. असू शकतो असंच म्हणतोय, कारण २२ अपेक्षित गोलांवर प्रमाण विचलन ४.४ च्या आसपास असतं आणि ८ चा फरक दोन विचलनांच्या आतच बसतो. तीन मोसम तोच कल राहिला तर अपेक्षित ६६, विचलन साधारण ७.७ आणि फरक २४. मग ठामपणे बोला.

या मापाची मर्यादाही जाणून घ्या. सार्वजनिक आकडेवारीत फटक्याआधीचा पास नसतो. माजी गोलरक्षक स्टीव्ह व्हॅलिकेट यांनी दोन्ही गोलांना जोडणाऱ्या मधल्या रेषेला राजमार्ग म्हटलं. ती ओलांडून आडवा पास आला की गोलरक्षकाला बाजूला सरकावं लागतं आणि गोल उघडा पडतो. एक्सजीला ते दिसत नाही. २०२४-२५ मध्ये ५२ गोल करून लीगमध्ये पहिला आलेला लिऑन ड्रायसाइटल एक्सजीच्या वर राहतो, त्यात त्याच्या मनगटाचा वाटा किती आणि संघातला सहकारी कॉनर मॅकडेव्हिडच्या पासचा किती, हे या फाईलवरून सुटत नाही. तसं लिहून टाका, झाकू नका.

६. फाईल उतरवा आणि गाळा

मनीपकची एका मोसमाची फाईल एक लाखाहून जास्त ओळींची आणि शंभराहून जास्त रकान्यांची आहे. गुगल शीट्समध्ये एक कोटी पेशींची मर्यादा आहे, तिथं ती उघडायला जाऊ नका. एक्सेल किंवा कॅल्कमध्ये उघडा आणि लागणारे रकाने ठेवून बाकीचे उडवा: मारणाऱ्याचं नाव आणि क्रमांक, गोल झाला की नाही, एक्सगोल (म्हणजे त्या फटक्याचा एक्सजी), अंतर, कोन, फटक्याचा प्रकार, रिकामा गोल होता का, दोन्ही बाजूंचे खेळाडू किती होते.

मग गाळणी. रिकाम्या गोलवरचे फटके काढा. नेम मोजताना टिप आणि डिफ्लेक्शन वेगळ्या पानावर ठेवा, ते दुसऱ्याच्या फटक्याला काठी लावण्याचं कसब आहे. पाच विरुद्ध पाच आणि पॉवर प्ले वेगळे करा. प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने साखळीत मिसळू नका. खेळाडू नावानं नव्हे, क्रमांकानं जुळवा. सबॅस्टियन आहो नावाचे दोन खेळाडू एनएचएलमध्ये खेळले आहेत!

अंतराचा रकाना निवडताना दक्ष राहा. फटका कुठून आला हे अनेक वर्षं प्रत्येक रिंकवरची माणसं बघून नोंदवत आली आहेत, आणि काही ठिकाणच्या नोंदी तिरक्या आहेत. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फटके प्रत्यक्षापेक्षा जवळचे नोंदले जायचे हे विश्लेषकांनी बऱ्याच आधी दाखवून दिलं. फाईलमध्ये रिंकनुसार दुरुस्त केलेलं अंतर वेगळ्या रकान्यात आहे, ते घ्या.

पुढं पिव्होट टेबल: ओळीत खेळाडू, बेरजेत गोल, एक्सगोल आणि फटक्यांची संख्या. दहा मिनिटांचं काम.

७. फटक्यांची संख्या बाजूला टाकू नका

टक्केवारीच्या नादात हे हमखास सुटतं. मोसमामागून मोसम टिकणारी गोष्ट टक्केवारीपेक्षा फटक्यांची संख्या आहे. ६ एप्रिल २०२५ ला ओवेच्किननं आयलँडर्सच्या इल्या सोरोकिनविरुद्ध ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीला मागं टाकलं. टक्केवारीत तो ग्रेट्झकीच्या जवळपासही नाही. पण एनएचएलच्या इतिहासात सर्वांत जास्त शॉट त्याचे आहेत. सगळ्यांना माहीत असलेल्या जागेवरून, बचावपटू अंगावर येत असताना, वीस वर्षं फटका मारायला मिळवणं हे कौशल्य नाही तर काय? तक्त्यात दर साठ मिनिटांमागचे फटके हा रकाना टक्केवारीच्या आधी ठेवा.

८. तुमचं माप टिकतं का ते तपासा

प्रत्येक खेळाडूचे फटके सम आणि विषम अशा दोन गटांत वाटा. दोन्ही गटांत गोल वजा एक्सजी, दर फटक्यामागं, काढा आणि दोन रकान्यांचा सहसंबंध बघा. तो शून्याजवळ आला तर तुम्ही नशीब मोजताय. एका मोसमात तो कमी येईल, तीन मोसम जोडल्यावर वाढेल. त्या वाढीवरूनच किती माल गोळा करायचा ते ठरवा.

९. हे शाहू स्टेडियमवर आणायचं असेल तर

आणा, पण बेतानं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा या संघांच्या फुटबॉल सामन्यांना वही घेऊन बसलात तर प्रत्येक फटक्यासाठी एवढंच लिहा: मिनिट, जर्सी क्रमांक, मैदानाच्या आखलेल्या चित्रावर खूण, पाय की डोकं, आधीचा पास आडवा होता का, निकाल. पासाचा रकाना एनएचएलच्या फुकट फाईलमध्ये नाही, तुमच्या वहीत असेल.

टक्केवारी मात्र जाहीर करू नका. एखाद्या पोरानं हंगामात १५ फटके मारले आणि ३ गोल केले, तर त्याची खरी टक्केवारी जवळपास शून्यापासून ४१ पर्यंत कुठंही असू शकते. असला आकडा पेठेत फिरला तर त्या पोराचं नुकसान होतं आणि माहिती काहीच मिळत नाही. त्याच्या प्रशिक्षकाच्या हातात खुणांचं चित्र द्या. १५ पैकी ११ फटके पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून असतील तर ते त्यांना एका नजरेत दिसेल, आणि त्यावर पुढच्या सरावात काम करता येईल.